देवीचा उजवा गाल

आडखोलच्या पावणाई देवीने फोटो काढू दिला नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सत्तावन्न साली देवगडचा फोटोवाला हरिश्चंद्र मोठ्या हौसेने आपला पेटीएवढा कॅमेरा घेऊन देवळात आला, फोटो उमटायच्या पाच काचा वाया घालवल्या आणि एकही फोटो धड निघाला नाही. एका काचेत देवीच्या नाकाचा शेंडा तेवढा स्पष्ट, बाकी सगळं धुरकट. दुसरीत ओठ स्पष्ट, तर नाक विरघळलेलं. शेवटच्या काचेत कानांतल्या कुड्यांचे मोती मोजून घ्यावेत इतके स्वच्छ, आणि मध्ये तोंडाच्या जागी नुसता उजेडाचा गोळा. "देवीन तोंड दाखवूक दिल्यान नाय," असं म्हणून गावाने त्याची यथेच्छ टर उडवली.

वास्तविक त्यात देवीची काही नाराजी नव्हती. गाभाऱ्यात समईशिवाय उजेड चालत नाही, आणि उंबऱ्याच्या आत गुरवाशिवाय कुणी पाय ठेवत नाही. बिचाऱ्या हरिश्चंद्राने कॅमेरा उंबऱ्याबाहेर रोवला आणि अंधार फार म्हणून भिंग होतं तेवढं सताड उघडलं. भिंग असं उघडलं की त्याला एका वेळी एवढासाच थर नीट दिसतो, पुढचं आणि मागचं पुसून जातं. दर काचेला त्याने भिंग एकेक खाच सरकवून पाहिलं, पण व्हायचं तेच झालं. वेळ मात्र त्याने हुशारीने निवडली होती. देवीला कौल लावला की तो मिळेपर्यंत देवळात कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नाही, मग हलायची गोष्ट दूरच. काच बराच वेळ उघडी ठेवायची तर हीच वेळ चांगली, असं त्याला वाटलं.

कौल म्हणजे आडखोलचं सुप्रीम कोर्ट. देवीच्या चांदीच्या मुखवट्यावर, कपाळाला, दोन्ही गालांना आणि हनुवटीला भिजवलेले तांदूळ चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. देवीच्या उजव्या गालावरचे दाणे आधी सुटले तर होय, डाव्या गालावरचे सुटले तर नाही. लग्न, वाटण्या, विहिरीची जागा, सगळं त्यावर ठरे, आणि एकदा ठरलं की पुन्हा तोंड उघडायची कुणाची छाती नसे.

तो मुखवटाच पुढच्या महाशिवरात्रीला खाडीत गेला.

दरवर्षीप्रमाणे देवी, शालीआड झाकलेली, कुणकेश्वराला समुद्रस्नानाला गेली होती. परतताना खाडीच्या तोंडाशी लाट उलटी आली आणि महादू गुरवाची होडी कलंडली. मुकुट आणि दागिने मोठ्या होडीत होते, ते वाचले. मुखवटा शालीत बांधून महादूने मांडीवर घेतला होता. महादू पोहून वर आला, शाल हातात होती, मुखवटा नव्हता. पाणबुड्यांनी तळाचा गाळ उपसून पाहिला. त्यांना चार शिंपले आणि एक फुटका नांगर मिळाला.

चार दिवस गाव महादूच्या गळ्यात गळा घालून रडलं, पाचव्या दिवशी कुजबुजायला लागलं. मुखवटा म्हणे गोव्यात पोचला. म्हणे होडी कलंडली नाही, कलंडवली. देवळासमोर बैठक बसली आणि मुख्य मानकरी भाईंनी निकाल सांगितला. भाई म्हणजे सत्तरीचा, ताठ मानेचा माणूस, रागावला की आवाज उलट खाली आणणारा.

"नवो मुखवटो करूचो. चैत्रपुनवेक तेच्यार कौल लावूचो. उजवो इलो तर महादू निर्दोष. डावो इलो तर दुसऱ्या दिवशी देऊळ, घर आणि गाव सोडूचा. आणि मुखवट्याच्या कामाक महादूचो हात लागता कामा नये."

"पण करतलो कोण?" कुणीतरी विचारलं. "देवीचां माप कोणी घेतलेलां नाय."

"मी करतलंय," मागून बायकांतून आवाज आला. महादूची बायको कावेरी उभी राहिली होती.

कावेरीचं माहेर खारेपाटणचं, घरी गणपती घडवायचा पिढीजात धंदा. माती तिच्या बोटांना भाकरीच्या पिठाइतकी ओळखीची होती. बैठकीत हशा पिकला, पण दुसरं कुणी पुढे येईना, तेव्हा भाईंनी मान हलवली.

ती पुढे का झाली, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी ओली शाल तिने वाळत घातली होती. शालीला गाठ नव्हती, आणि पाण्यात भिजलेली गाठ आवळते, सुटत नाही, हे समुद्राकाठी राहणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. मुखवटा वाचवायला म्हणून महादूने बुडताना गाठ सोडली असेल. किंवा आधीच सोडली असेल. त्याला विचारायचं दोनदा तिच्या ओठांवर आलं, पण समोर ताटावर बसलेला नवरा नुसता भात चिवडत होता, आणि तो जे उत्तर देईल ते आपल्याला खरं वाटेल की नाही याची तिला भीती वाटली. मग तिने ठरवलं, त्याला विचारायचंच नाही. देवीला विचारायचं. मुखवटा उभा राहिला की कौल सांगेल, आणि तो सांगेल ते आपण पदरात घेऊ, उजवा असो की डावा.

चेहरा आठवून करावा म्हटलं तर पंचाईत. राधाबाई म्हातारी म्हणे देवी गोल तोंडाची, भाई म्हणत लांबट, आणि कावेरीला स्वतःला डोळे मिटले की नुसती नथ दिसे. कडेने तर देवी कुणी पाहिलेलीच नव्हती. शेवटी तिने देवगड गाठलं.

हरिश्चंद्र काचांचं नाव काढताच कानकोंडा झाला. "वयनी, त्या काचांत काय एक नाय. तुमी पण हसूक इलास?"

"भावजी, एका काचेत नाक दिसता, दुसरेत ओठ दिसतत. असां कशाक?"

त्याने सांगितलं. भिंग एका खाचेवर असताना एकाच अंतरावरचं स्पष्ट दिसतं, त्याच्या अलीकडचं नाही नि पलीकडचं नाही. ऐकता ऐकता कावेरी ताठ झाली.

"म्हणजे ओहोटीक खडकार पाण्याची रेग पायरी-पायरीन खाली येता, तसां. एकेक काच म्हणजे एकेक रेग. भावजी, ह्यां पाचय मिळान देवीचां आखां तोंड आसा!"

हरिश्चंद्र तिच्याकडे बघतच राहिला. वर्षभर ज्या काचांनी त्याची अब्रू घालवली, त्यांच्याकडे त्याने असं कधी पाहिलंच नव्हतं. पुढे दोन दिवस त्याने दुकानाची फळी वर केली नाही. कॅमेरा देवळात होता तसा रोवला, समोर फळीवर जुन्या पंचांगाचं पान उभं करून मागेपुढे सरकवलं, आणि दर खाचेला अक्षरं कुठे स्वच्छ दिसतात तिथे फळीवर रेघ मारली. पाच खाचांच्या पाच रेघा आल्या, एकीपासून दुसरी बोटभर मागे. वाचलेला मुकुट मापाला होताच. त्याच्या मापाने काचांचे मोठे फोटो निघाले. कावेरीने दर फोटोतला स्पष्ट तेवढा भाग पातळ कागदावर उतरवला आणि त्या त्या उंचीला मेणाचा थर चढवला. नाकाचा शेंडा सर्वांत वर, मग ओठ नि हनुवटी, मग डोळे, मग कपाळाची कड, तळाला कान. थर बोटांनी एकमेकांत मिसळत गेली तसतसं मेणातून कुणीतरी वर येऊ लागलं.

घोळ झाला गालांवर. चांदीचा गाल घासून लखलखीत केलेला, त्यावर ना रेघ ना नक्षी. स्पष्ट काय नि धुरकट काय, कळायचं कसं? एकच गोष्ट दिसत होती, दोन्ही गालांवर समईच्या ज्योतीचा ठिपका. तो चौथ्या काचेत टाचणीच्या टोकासारखा बारीक होता. तेव्हा गाल चौथ्या रेघेवर, असं दोघांनी ठरवलं आणि गालाचं मेण तिथवर कोरून काढलं.

भाई मेणाचा मुखवटा बघायला आले, मागोमाग अर्धं गाव आलं. फडकं दूर केल्याबरोबर राधाबाई किंचाळली.

"अगो बाय माझे! ही देवी की दुष्काळातली भिकारीण? गाल खंय गेले देवीचे?"

खरोखर गाल खोल बसले होते, आजाऱ्यासारखे. बायका तोंडाला पदर लावून मागे सरल्या. भाईंनी मुखवट्याकडे एकदा आणि अंगणाच्या कडेला पाठ करून उभ्या असलेल्या महादूकडे एकदा पाहिलं. आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, "पुनव जवळ इली, कावेरी. ह्यां तोंड गाभाऱ्यात जावचां नाय. नीट जमणा नसात तर कौलाची वाट तरी कशाक बघूची? आताच आवराक घेवा."

कौल लागलाच नाही तर गाव महादूला घालवणार, आणि खरं-खोटं कावेरीला जन्मात कळणार नाही. तिने भाईंचे पाय धरले आणि थोडे दिवस मागून घेतले. महादूने मान वळवून मुखवट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात लावू नको म्हटलं होतं, बघू नको असं कुणी म्हटलं नव्हतं. आपल्या देवीचं तोंड जमतंय की नाही याचा घोर त्याला असू नये, याचा तिला राग आला, आणि रागामागून पुन्हा तीच शंका.

दिवेलागणीला ती चिंचेने तांब्या घासत होती. निरांजन लावलं होतं. तांब्याच्या पोटात ज्योत दिसली, आणि तिच्या शेजारी न निघालेला एक काळा डाग. सहज तिने बघितलं आणि हात थांबला. डागाकडे बघावं तर ज्योत फाटते, ज्योतीकडे बघावं तर डाग पुसट होतो. डाग तांब्यावर होता, ज्योत तांब्याच्या आत होती. बोट लावलं तर बोट पत्र्याला टेकतं, ज्योत त्याच्याही पलीकडे, आतच.

"मेलंय!" ती स्वतःशीच ओरडली. "आमी ज्योतीक गाल समाजलंव!"

सकाळच्या पहिल्या गाडीने ती देवगडला गेली. हरिश्चंद्राने ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. एवढी वर्षं भिंगात डोळा घालून बसलेला माणूस, आणि आरशातलं आरशाच्या आत दिसतं एवढी साधी गोष्ट त्याच्याही ध्यानात आली नव्हती. पण मग गाल कुठे शोधायचा? डाग पाहिजे, चांदीवर चिकटलेलं काहीतरी पाहिजे.

"तांदूळ!" दोघं एकदमच बोलली.

फोटो कौलाच्या वेळचे होते. भिंगाचा काचतुकडा लावून बघितलं तर दोन्ही गालांवर दाणे होतेच, इतके दिवस त्यांना काचेवरचे ओरखडे समजून दोघांनी सोडून दिलं होतं. उजव्या गालाचे दाणे दुसऱ्या काचेत स्वच्छ, अगदी टोकं मोजावीत असे. डाव्या गालाचे मात्र तिसऱ्या काचेत. पुन्हा पुन्हा बघितलं, तरी तेच. म्हणजे उजवा गाल चांगला फुगीर, पुढे येऊन एकदम खाली उतरलेला, आणि डावा बोटभर बसका, पसरट. देवीचं तोंड वाकडं होतं.

हरिश्चंद्र घाबरला. "वयनी, माझा ऐका. दोनय गाल सारखे करा. भाई खूश, गाव खूश. कडेन बघतलो कोण? चूक आमचीच झाली असात."

कावेरी पुढच्या काचा पाहत होती. चौथ्या काचेत डाव्या गालावरचे दाणे पुसट, पण जागच्या जागी होते. उजव्या गालावर एकही नव्हता. त्या वर्षी कौल उजवा आला होता, तिला आठवलं. त्याच्या आदल्या वर्षीही उजवाच. तिच्या लग्नाआधी सासऱ्यांनी लावलेला, तोही. देवी कनवाळू आहे, आपल्या लेकरांना सहसा नाही म्हणत नाही, असं सासूबाई नेहमी सांगायच्या.

घरी येऊन तिने दार लोटलं, काचांत होते तसे गाल मेणात चढवले, उजवा फुगीर, डावा बसका. मग तांदूळ भिजवले. दोन्ही गालांना दाणे लावले आणि ती समोर बसली. उजवीकडचे सुटले. पुन्हा लावले. पुन्हा उजवीकडचेच, उतारावरून घरंगळत. डावीकडचे पसरट जागी निवांत बसून. ती लावत गेली आणि उजवा कौल मिळत गेला. तिने काही विचारलंसुद्धा नव्हतं.

आत्तापर्यंत आडखोलने जे जे देवीला विचारलं, त्याला या गालाने होय म्हटलं होतं. आणि आता महादूलाही म्हणेल. मुखवटा खरा केला तर नवरा सुटणार, याची आता खात्री होती. आणि खात्री होती म्हणूनच तो सुटला की सुटला एवढंच, त्यातून तिला कळणार काहीच नव्हतं.

हरिश्चंद्र म्हणतो तसं करावं का? दोन्ही गाल सारखे, साफ, समान उताराचे. मग दाणा कुठला आधी सुटेल हे कुणाच्याही हाती नाही, फक्त देवीच्या हाती. मग तो खरा कौल. डावा आला तर घर मोडेल, गाव सुटेल, पण आयुष्यभर या माणसाच्या शेजारी झोपताना आतून पोखरणारा प्रश्न तरी संपेल. तिने सुरी घेतली आणि डाव्या गालाला मेणाचा गोळा लावला. मागल्या दारी महादू नारळ सोलत होता. एक एक खसकन सोलून ढिगावर टाकत होता, खाली मान घालून. ती किती तरी वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

मग तिने गोळा काढून टाकला. काचा सांगत होत्या ती देवी होती. त्याहून वेगळी देवी तिला घडवता येत नव्हती. निदान तिने स्वतःला असंच सांगितलं.

भाईंनी या खेपेला मुखवटा बराच वेळ न्याहाळला. डावा गाल कमी आहे, असं ते म्हणाले. "काचांत तसोच आसा," असं हरिश्चंद्राने सांगितलं. तेवढ्यात राधाबाई काठी टेकत पुढे आली, हात जोडले आणि रडू लागली. "हीच ती. हीच माझी आवय." मग भाईंचं काही चाललं नाही. खारेपाटणच्या दत्ताराम सोनाराने मेणावर मातीचा साचा चढवला, मेण वितळवून काढलं आणि त्या पोकळीत चांदी ओतली.

चैत्रपुनवेला देऊळ फुटेस्तोवर भरलं. आंब्याच्या पेट्या भरायची कामं टाकून माणसं आली होती. कौल लावायला शेजारच्या गावचा गुरव आणला होता. महादू सभामंडपात एकटा उभा होता, उघडा, हात जोडून, आणि त्याच्याभोवती जागा मोकळी सोडून गाव. गुरवाने दाणे लावले. भाईंनी गाऱ्हाणं घातलं, "बाय देवी माऊली, ह्या तुझ्या लेकरान तुझ्या मुखवट्याचो घात केल्यान नाय असात, तर उजवो दी. केल्यान असात, तर डावो दी."

कुणी हललं नाही. समईची वात चरचरत होती. महादूच्या पाठीवरून घामाचा ओघळ चालला होता. बायकांनी डोळे मिटले होते. एकटी कावेरी उघड्या डोळ्यांनी उजव्या गालाकडे बघत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने देवीकडे उलटं मागणं मागितलं. डावा दे, म्हणून नाही. एकदा, फक्त एकदा, गालाचं ऐकू नकोस, तुझं तू सांग, म्हणून.

उजव्या गालावरचा दाणा हलला, घसरला आणि पाटावर पडला.

देवळात एकच कल्लोळ उसळला. ढोल वाजू लागले. भाईंनी स्वतः पुढे होऊन महादूला मिठी मारली, आणि तो ताठ मानेचा म्हातारा हुंदके देऊन रडला. पुरुषांनी महादूला उचलून घेतलं. खाली उतरवल्यावर तो गर्दीतून वाट काढत कावेरीपाशी आला. डोळे लाल झाले होते.

"बघलंस गो? देवीन माका सोडयल्यान."

"होय," ती म्हणाली.

"सगळ्या बायकांनी डोळे मिटलेले. तूच एकटी बघी होतंस, मियां बघलंय. तुका भ्या नाय वाटलां? डावो इलो असतो तर?"

"उजवोच येतलो होतो."

"इतकी खात्री?"

कावेरीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नाक, ओठ, डोळे, सगळं ओळखीचं, सगळं जवळ. "होय," ती म्हणाली. "माका खात्री होती."

महादूने सगळ्या गावादेखत तिचे हात हातांत घेतले. आपल्या बायकोचा आपल्यावर एवढा विश्वास आहे हे त्याला आजच कळलं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि ती मान हलवत होती.